एक्केचाळीस नंबरचं घर

१

ऐक ना, नुसतं ऐक. मधे मधे "मग? मग?" करू नको, नाहीतर माझं काहीतरी सांगायचं राहून जातं.

दोन हजार पाचचा मार्च. शनिवारी सकाळी अमृता एसटीतून गावात उतरली. गाव लोणीच्या अलीकडं, नाव सोड, नावाशी काय करायचंय. ती पुण्याला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, कॉम्प्युटरला. उतरली आणि बघते तर शाळेच्या बोर्डापाशी ही गर्दी! बाया पोरांना दंडाला धरून ओढत घरी निघालेल्या, पोरं रिकामी ताटं वाजवत रडतायत, आणि खिचडीच्या पातेल्याशेजारी द्रौपदामावशी हातात पळी घेऊन नुसती उभी.

बोर्डावर एक कागद चिकटवलेला. गावाचा नकाशा, एकशे अठरा ठिपके, प्रत्येक ठिपका म्हणजे एक घर. एका ठिपक्याभोवती लाल पेनानं गोल केलेला आणि खाली लिहिलेलं, "रोगाची सुरुवात : घर क्रमांक ४१."

कागद तिचा होता. लाल पेन तिचं होतं. अक्षरसुद्धा तिचंच!

थांब, आधीचं सांगते. त्या फेब्रुवारीत गावात गोवर आला होता. सव्वीस पोरं आजारी पडली. पंचवीस उठली, एक नाही उठली. हर्षाली, चिमाबाईची नात, अडीच वर्षांची. छातीत कफ झाला आणि गेली. गोवर नक्की कुठून सुरू झाला हे कॉम्प्युटरवर शोधायचं, असा अमृताचा कॉलेजचा प्रोजेक्ट होता. आणि एक्केचाळीस नंबरचं घर द्रौपदामावशीचं. खालच्या आळीत, म्हणजे बौद्धवस्तीत. नातू सम्यक तीन वर्षांचा, तोही आजारी पडून उठलेला. मावशी शाळेत खिचडी शिजवायची, घर त्यावरच चालायचं. सोमवारी शाळा समितीची बैठक होती, विषय एकच, हिला काढायचं. समितीचे अध्यक्ष कोण? सावळाराम आबा. अमृताचे वडील.

मावशीनं तिला बघितलं. "अमे," ती म्हणाली, "हे खरं हाय व्हय गं? माझ्यामुळं गेली ती पोर?"

"कॉम्प्युटरनं काढलंय, मावशी," एवढंच तोंडातून आलं.

मावशीनं पळी पातेल्यात ठेवली. आवाजसुद्धा केला नाही.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "कॉम्प्युटरनं काढलंय, पण कॉम्प्युटरला सांगितलं कुणी?"

२

तो रत्नदीप होता, मावशीच्या भावाचा मुलगा. शाळेत अमृताच्या दोन वर्षं पुढं. खोडदला त्या मोठ्या मोठ्या डिश आहेत ना, आकाशातून येणारे रेडिओ तरंग ऐकणाऱ्या, तिथं टेक्निशियन. आत्याचा फोन गेला तसा सुट्टी टाकून गाडीवर आला होता. चिडलेला नव्हता गं, तेच तर वाईट! चिडला असता तर अमृतालाही चिडता आलं असतं.

"कागद कुणाकुणाकडं होता?" त्यानं विचारलं.

"दोनच प्रिंट काढल्या. एक रुपेशकडं, माझा पार्टनर, मंचरचा. एक मी गेल्या रविवारी घरी ठेवून गेले. पेटीत."

दोघं गेले मंचरला. रुपेशच्या घरी सुट्टे पार्ट आणून जोडलेला कॉम्प्युटर, वर त्याच्या आईनं विणलेलं झाकण. रुपेशनं फाईल उघडून त्याची प्रिंट समोर ठेवली, जशीच्या तशी. "राव, मी कशाला लावू? अजून सरांची सहीसुद्धा नाय यावर," तो म्हणाला. मग अमृताकडं न बघता हळूच पुढं म्हणाला, "आन मी तर हिला आधीच म्हणलं होतं."

"काय म्हणाला होतास?"

"काय नाय. जाऊ दे."

रत्नदीपनं ते "जाऊ दे" ऐकलं आणि लक्षात ठेवलं, हे अमृताला त्याच्या चेहऱ्यावरच दिसलं.

म्हणजे कागद गेला तो अमृताच्या घरातून. परत आले, तर तिचा भाऊ भरत ओट्यावर दाढी करत बसलेला. विचारल्यावर हसायलाच लागला. "चोर शोधताय? आबांनी लावला की! परवापासून गावभर सांगत सुटल्यात, माझ्या लेकीनं काढलंय म्हणून."

आबा आतून बाहेर आले. लपवालपवी काही नाही. "लावला मी. चिमाबाई रोज दारात येऊन बसती, आबा, माझी नात कशानं गेली म्हणती. गावाला उत्तर नको? कॉम्प्युटरला जात न्हाई, पात न्हाई. त्यानं दावलं ते दावलं." आणि अमृताच्या डोक्यावर हात ठेवला. इतक्या कौतुकानं ठेवला की तिला तो हात जड झाला.

म्हणजे बघ, कागद कुणी लावला ते अर्ध्या दिवसात कळलं. अमृताला वाटलं, सुटले. पण रत्नदीप म्हणाला, "चोर सापडला, पण चोरी कसली झाली ते कुठं सापडलंय? मला ते सर्व्हेचे फॉर्म दाखव. सगळे."

३

आता हे सिम्युलेशन म्हणजे काय ते सांगते, सोपं आहे. अख्खं गाव कॉम्प्युटरमध्ये घालायचं. कुठलं पोर अंगणवाडीत जातं, कुठलं शाळेत, कुठल्या बाया एका नळावर पाणी भरतात, सगळं आकड्यात. मग एका घरात आजारी पोर ठेवायचं आणि दिवस पुढं सरकवायचे. आज कोण कुणाला भेटलं, त्यातून लागण झाली की नाही, कॉम्प्युटर फासे टाकून ठरवतो. एकदा नाही, हजार वेळा. मग शेजारच्या घरापासून सुरू करून परत हजार वेळा. असं एकशे अठरा घरांचं करायचं आणि बघायचं, कुठून सुरू केलं की कॉम्प्युटरमधलं गाव खऱ्या गावासारखं आजारी पडतं. खरं गाव कसं पडलं, ते फॉर्मवरच्या तारखांवरून. अमृता दोन दिवस घरोघर फिरली होती. "बाळाला कधी झालं?" विचारायचं, तारीख लिहायची, पुढचं घर.

रत्नदीप पडवीत फॉर्म पसरून बसला. अमृताच्या आईनं चहा आणला. बाकी सगळ्यांना स्टीलच्या पेल्यात आणि रत्नदीपला कान तुटलेल्या कपात. तो कप खिडकीत वेगळा असायचा, लहानपणापासून. अमृतानं त्या दिवशी तो पहिल्यांदा बघितला. म्हणजे बघत तर रोज होती!

रत्नदीपनं त्याच कपातून चहा प्यायला आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं. एकेक तारीख बघायची, वार बघायचा, फॉर्मच्या कोपऱ्यात लिहायचा. अर्धा तास नुसतं हेच.

"काय करतोयस?"

"आमच्याकडं कधीकधी डिशमध्ये खरखर येते," तो म्हणाला. "तारा बोलतोय की कुणाच्या तरी मोटारीचा स्टार्टर, कळत नाही. मग आमचे साहेब पहिलं विचारतात, ही खरखर कुठल्या वारी येते? कारण आकाशाला वार माहीत नसतो. ठरावीक वारीच जे येतं, ते माणसानं केलेलं."

आणि त्यानं दोन गठ्ठे केले. खालच्या आळीतली चार पोरं : सोमवार, गुरुवार, रविवार, परत गुरुवार. वरच्या आळीतली एकवीस पोरं : मंगळवार, शुक्रवार, शुक्रवार, मंगळवार, मंगळवार...

"एकवीस पोरं, अमे. त्यातली वीस मंगळवारी नाहीतर शुक्रवारी आजारी पडली. गोवरला कॅलेंडर वाचता येतं का?"

हे तिच्या डोळ्यांखालून गेलं होतं. तिनंच टाईप केलं होतं! पण कॉम्प्युटरमध्ये नुसत्या तारखा जातात, वार नाही जात.

"आणि एकविसावं?" तिनं विचारलं.

"एकटीच बुधवारची आहे. सोळा फेब्रुवारी." त्यानं फॉर्म तिच्यासमोर धरला. हर्षालीचा.

मग त्यानं फॉर्म परत मोजले. "चार आणि एकवीस, पंचवीस. आजारी पोरं किती होती म्हणालीस?"

अमृतानं बॅग जवळ ओढली.

"सव्वीस ना? सात नंबरचा फॉर्म कुठंय?"

सात नंबर म्हणजे कुठलं घर, माहितीये? ज्या पडवीत ते बसले होते, ते.

४

सातचा फॉर्म अमृताच्या बॅगेतच होता. भरतचा मुलगा सोन्या, चार वर्षांचा. तारीख पंधरा फेब्रुवारी, मंगळवार.

"काढून का टाकलास?"

"बसत नव्हता," अमृता म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच लहान मुलीसारखा वाटला. "सम्यकची तारीख चौदा, सगळ्यात आधीची. सोन्याची पंधरा. गोवर लागल्यावर ताप यायला दहा दिवस तरी लागतात, मग एका दिवसात कसा होईल? एवढा एक फॉर्म ठेवला की प्रोग्राम सगळी घरं जवळपास सारखीच दाखवायचा. तोंडी परीक्षा जवळ आली होती. वाटलं, बाहेरून आलेली केस असेल, सोडून देऊ. रुपेश नको म्हणत होता."

"आणि हर्षालीची सोळा, तीसुद्धा सम्यकनंतर दोनच दिवसांनी. ती बरी बसली?"

ऐक, इथं अमृता रडायच्या बेतात होती. "मी... लागण व्हायला कमीत कमी दिवस लिहायचे होते, तिथं दहाचे दोन केले. मग बसली."

रत्नदीप उठला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर जाऊन उभा राहिला. आत आई भाकरी थापत होती.

"काकू, सोन्याला पाणी कधी घातलं?"

"मंगळवारी," आई म्हणाली. "कडुनिंबाचा पाला टाकून. दहीभाताचा निवद दावला."

"मंगळवारीच का?"

"आता घ्या! मंगळवार न्हाईतर शुक्रवार. बाईचा वार असतो, दुसऱ्या वारी कसं घालायचं?"

"आणि त्याच्या आधी कुणी विचारलं, पोराला काय झालंय, तर?"

"त्याच्या आधी नाव घेत न्हाईत, बाबा. पावणी असती ती घरात. पाणी पडलं, ती गेली, की मग बोलायचं, मंगळवारी झालं म्हणून."

कळलं तुला? गोवर म्हणजे देवी पावणी आली, पोराला अंघोळीचं पाणी घालून तिची बोळवण करायची. वरच्या आळीत "कधी झालं?" विचारलं की बाया पाणी घातल्याचा दिवस सांगायच्या. ताप चढल्यापासून पाणी पडेपर्यंत अकरा-बारा दिवस! खोटं कुणीच बोललं नव्हतं. आणि खालच्या आळीनं छप्पन सालीच देव सोडलेले, त्यांच्याकडं बाया-बिया येत नाहीत. पोर तापलं की उचललं आणि दवाखान्यात. त्यांच्या तारखा डॉक्टरच्या चिठ्ठीवरच्या, अगदी तापाच्या पहिल्या दिवसाच्या. ज्यांनी दवाखाना गाठला, तेच कॉम्प्युटरला पहिले दिसले!

आणि हर्षाली बुधवारची का? तिचीही तारीख दवाखान्याच्या कागदावरून घेतलेली. कारण तिच्यावर पाणी पडलंच नाही.

"काकू, शेवटचं विचारतो. सोन्याला ताप कधी चढला?"

आईचा हात भाकरीवर थांबला. तिनं अमृताकडं बघितलं. "हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी," ती म्हणाली. "तुला ठाऊक हाय की गं. तूच तर दुसऱ्या दिवशी त्याला अंगणवाडीत सोडलं."

आणि अमृताला आठवलं. चार फेब्रुवारी, शुक्रवार, हळदीकुंकवाचा दिवस. ती हळदीकुंकवासाठी म्हणूनच पुण्याहून आली होती. घरात सारवण, वाणाच्या वाट्या मांडायच्या, आणि सोन्या पायात पायात. वहिनी म्हणाली, जरा सोडून ये ह्याला. अमृतानं त्याचं बोट धरलं होतं आणि ते गरम लागलं होतं. गरम, गं! तिला लागलं होतं आणि ती चालत राहिली होती. अंगणवाडीत सम्यकच्या शेजारी बसवून आली. आणि दुपारी चारला गावातल्या बाया आल्या, पोरं घेऊन. सोन्या परत आलेला. कोपऱ्यात त्याच्याबरोबर भातुकली कोण खेळत होतं, मी सांगायला हवं का?

रविवारी रुपेशकडं बसून प्रोग्राम परत चालवला. मंगळवार-शुक्रवारच्या तारखांतून बारा दिवस वजा, दोनाचे परत दहा, सात नंबर आत. दोनदा लाईट गेली, दोनदा पहिल्यापासून. शेवटी पडद्यावर आकडा आला. घर क्रमांक सात, हजारातून आठशे वेळा.

रुपेशनं प्रिंटर चालू केला. अमृतानं त्याचा हात धरला. "नको," ती म्हणाली. "आधी मला एका ठिकाणी जाऊन येऊ दे."

५

चिमाबाई अंगणात शेंगा फोडत बसली होती. सून मंदा विहिरीवर गेलेली. अमृता समोर बसली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. ताप, बोट, अंगणवाडी, हळदीकुंकू. काही गाळलं नाही. तिला वाटलं होतं, म्हातारी ओरडेल, मारेल, मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

चिमाबाईनं एक शेंग फोडली. दुसरी फोडली. मग म्हणाली, "मंदा नको म्हणत व्हती."

"काय?"

"हळदीकुंकवाला न्यायला. पोरीला सर्दी हाय, राहू द्या घरी म्हणली. मी म्हणलं, लई शानी झाली का तू? चार बायांत नटवून नेते माझ्या नातीला." तिनं सूप बाजूला ठेवलं. "फुलाफुलाचा फ्राक घातला व्हता मीच."

अमृता सांडलेल्या शेंगा वेचायला लागली.

"आजपतुर म्हणत व्हते, शाळेकडनं आला, त्या द्रौपदाच्या घरनं आला. मंदाबी तेच धरून बसलीय. म्हणून माझ्या हातची भाकर खाती ती." आणि चिमाबाईनं अमृताचे दोन्ही हात धरले, शेंगांच्या मातीनं भरलेल्या हातांनी. "तुझं घर असू दे न्हाईतर कुणाचंबी. मला तुझा राग न्हाई. पर हळदीकुंकवाचं मंदाला कळू देऊ नको गं, बाई. ती मला त्या घरात ऱ्हाऊ द्यायची न्हाई. आन तिनं ऱ्हाऊ दिलं तरी मी कशी ऱ्हाऊ?"

विहिरीकडून कळशीचा आवाज आला. चिमाबाईनं पटकन पदरानं डोळे पुसले आणि परत शेंगा फोडायला लागली.

६

सोमवारी शाळेच्या व्हरांड्यात सगळं गाव. आबा मधे खुर्चीवर. द्रौपदामावशी पायरीखाली उभी, रत्नदीप तिच्याशेजारी. चिमाबाई बायांच्यात पुढं, आणि तिच्या खांद्याला खांदा लावून मंदा.

अमृता उठली. "मला बोलायचंय, आबा. तो कागद चुकलाय."

बायांच्यात कुजबुज सुरू झाली.

"तारखा चुकीच्या घेतल्या. चूक माझी आहे. रोग एक्केचाळीस नंबरपासून सुरू झाला नाही. द्रौपदामावशीचा काही संबंध नाही. तिच्या नातवाला दुसऱ्याकडून लागला."

आबांचा चेहरा असा उतरला की बघवेना. भरत म्हणाला, "मग कुणाकडनं? कुठल्या घरापासून?"

सगळे बघायला लागले. मंदासुद्धा मान वर करून बघायला लागली. चिमाबाई मात्र जमिनीकडं बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते.

रत्नदीपला सगळं ठाऊक होतं, हळदीकुंकवापर्यंतचं. चिमाबाईनं हात धरले ते नव्हतं ठाऊक. तो नुसता वाट बघत होता.

"सात" म्हणायचं होतं गं. एक शब्द! पण सात म्हटलं की कोणीतरी विचारणार, कधी? आणि मग दिवस मोजत मोजत मंदा हळदीकुंकवापाशी येणारच. तिला मोजता येत होतं.

"सांगता येत नाही," अमृता म्हणाली.

रत्नदीपनं तिच्याकडं एकदा बघितलं आणि गाडीकडं निघून गेला. बैठक संपली. मावशीचं काम राहिलं.

काम राहिलं, पण पुढं ऐक. दुसऱ्या दिवशी बासष्ट पोरांपैकी तेवीस पोरांनी घरून डबा आणला. तिसऱ्या दिवशी तीस. कुणी तोंडावर काही बोलत नव्हतं. कागद चुकला हे सगळ्यांनी ऐकलं होतं, पण त्याजागी दुसरं घर कुणी दिलं नव्हतं ना, मग जुनंच चालू राहिलं. अमृता पुण्याला जायला निघाली तेव्हा मावशी उरलेली खिचडी गाईपुढं ओतत होती.

"मावशी, मी..."

"माझ्यावरचं काढलंस ना, पोरी?" मावशी म्हणाली, पातेलं घासता घासता. रागानं नाही. "मग ठेवलंस कुठं? कुठंच न्हाई ठेवलं, म्हणून माझ्यापाशीच ऱ्हायलं बघ."

एसटी आली. अमृता चढली. खिडकीतून बघितलं तर मावशी पातेलं उपडं घालून त्याच्याशेजारी बसली होती, आणि पलीकडच्या अंगणात चिमाबाई आणि मंदा एका ताटात जेवत होत्या.

आता बोल. एक शब्द सांगितला असता तर इकडचं घर वाचलं असतं, गिळला तर तिकडचं. त्या व्हरांड्यात भरतनं "कुठल्या घरापासून?" विचारलं तेव्हा, खरं सांग हं, तू काय म्हणाली असतीस?